दा नांगचं प्लॅनिंग: समुद्र पाहिजे, पाऊस नको

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामचा समुद्र बघायचा विचार असेल तर दा नांग यादीतून काढून टाका, हे आधीच सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम इथेच झालं. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहितोय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा जे सापडत होतं ते एकतर 'या दहा जागा बघाच' छाप, नाहीतर पॅकेजची जाहिरात, आणि आम्हाला दोन्ही नको होतं.

आमची मागणी तशी साधी होती. चार-पाच दिवस, हॉटेलातून चालत समुद्रावर जाता आलं पाहिजे, आईचे गुडघे बघता पायऱ्या कमी, आई पूर्ण शाकाहारी, बायको मालवणची त्यामुळे समुद्रावर जाऊन मासे नाही म्हणजे तिच्या मते जायचंच कशाला, आणि मुलीची दहावी झालेली, म्हणजे सध्या घरात तिचंच राज्य. मूळ विचार दिवाळीचाच होता. बायकोच्या भावाने सांगितलं की त्याच्या ऑफिसातले लोक दिवाळीत व्हिएतनामला जाऊन आले, मस्त हवा होती. मस्त असणारच, ते हनोई आणि हालाँग बेला गेले होते, म्हणजे उत्तरेला, आणि दा नांग आहे मधे. देश एकच पण उभा लांबलचक, वरचं हवामान मधे लागू होत नाही आणि मधलं खाली.

इथे मी दोन रात्री फक्त पाऊस वाचत बसलो. दा नांगचा पाऊस सप्टेंबरमध्ये सुरू होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात जास्त, वादळंही तेव्हाच, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मध्य व्हिएतनाममध्ये जे भयंकर पूर आले ते याच दिवसांतले. याउलट फेब्रुवारी ते ऑगस्ट कोरडं. कारण आपल्याला लगेच कळेल असं आहे, आपल्याकडे सह्याद्री पाऊस अडवतो आणि देशावर कोरडं राहतं तसंच तिथे त्रुआंग सोन नावाची डोंगररांग आहे, नैऋत्येचा मान्सून तिच्या पलीकडे लाओसच्या बाजूला पडून जातो आणि दा नांगला उरतो तो गरम वारा, मग ऑक्टोबरात वारे उलटे फिरले की समुद्रावरून येणारा सगळा पाऊस या किनाऱ्यावर. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी तिथल्या समुद्राला बरोबर बसते, दिवाळी अजिबात नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की गाव निवडणं पटकन झालं. फू क्वोक बेटाला व्हिसा लागत नाही, परदेशातून थेट तिथे उतरलं आणि तिथेच राहिलं तर ३० दिवस असंच राहता येतं, त्यामुळे मुलगी तिथेच अडून बसली होती, पण तिथला पावसाळा मे ते ऑक्टोबर. वुंग ताऊ हो ची मिन्ह सिटीपासून गाडीने जवळ आहे, पण तिथेही पाऊस तेव्हाच. न्हा ट्रांग शेवटपर्यंत शर्यतीत होतं, तिथे मेमध्ये हवा छान असते, मासे भरपूर, फक्त विमानतळ काम रान्हला, गावापासून तीसेक किलोमीटर. दा नांगचा विमानतळ शहराच्या आतच आहे, तिथला 'मी खे' बीच पंधरा-वीस मिनिटांवर. आईला घेऊन रात्रभर प्रवास करून उतरल्यावर हा फरक मोठा वाटला, म्हणून दा नांग.

मग तारीख. ३० एप्रिल आणि १ मे ही त्यांची जोडसुट्टी, सायगाव (आताचं हो ची मिन्ह सिटी) पडलं तो दिवस आणि कामगार दिन, त्या आठवड्यात अख्खा देश समुद्रावर असतो आणि हॉटेलांचे दर बघून मी लॅपटॉपच मिटला. मेअखेर-जूनपासून जुलैपर्यंत दा नांगला आतषबाजीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव असतो, त्याच्या शनिवारीही नदीकाठची हॉटेलं महाग दिसत होती. पण तारीख शेवटी ठरवली ती कालनिर्णयने, खरंच. दा नांगपासून तीस किलोमीटरवर होई आन हे जुनं बंदर आहे, तिथे दर चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करून कंदील लावतात. त्यांचं चांद्र पंचांग आपल्या तिथींशी जवळपास जुळतं, चौदावी म्हणजे आपली शुद्ध चतुर्दशी किंवा फारतर एखादा दिवस इकडेतिकडे. भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं तर मेच्या शेवटी शनिवार-रविवारला धरून पौर्णिमा, शिवाय शनिवार-रविवारी रात्री ९ वाजता दा नांगच्या ड्रॅगन ब्रिजवरचा ड्रॅगन आग आणि पाणी फेकतो, तेही त्यात बसत होतं. त्यात अधिक महिना, तो मुद्दा आईने पुढे चांगलाच वापरला, सांगतो.

विमानाचं थोडक्यात. मुंबईहून हो ची मिन्ह सिटी किंवा हनोईला थेट, साधारण पाच तास, तिथून दा नांग सव्वा-दीड तास. आम्ही हो ची मिन्हवरून घेतलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, इमिग्रेशन पहिल्याच विमानतळावर होतं, बॅगा घेऊन बाहेर यायचं आणि डोमेस्टिकला जायचं, आणि तिथे २०२५ मध्ये डोमेस्टिकसाठी टी३ हे नवीन टर्मिनल सुरू झालंय, ते इंटरनॅशनल टर्मिनलपासून वेगळं आहे. दोन तासांचा लेओव्हर स्वस्तात मिळत होता तो मी सोडून दिला आणि मोठा घेतला. आई म्हणाली विमानतळावर बसू की, तिथे कुठे स्वयंपाक करायचाय.

याचा व्हिसाशी थेट संबंध आहे, कारण ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये कुठून प्रवेश करणार ते निवडायला लागतं आणि आपण दा नांगला चाललोय म्हणून हात आपोआप दा नांगवर जातो. आमच्यासाठी ते तान सोन न्हात, म्हणजे हो ची मिन्हचा विमानतळ. म्हणून आधी तिकीट, मग व्हिसा. फी सिंगल एंट्रीला २५ डॉलर, मल्टिपलला ५०, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. मेहुण्याने एक लिंक पाठवली होती, दिसायला अगदी सरकारी, झेंडा वगैरे, पण फी तिप्पट आणि वर 'अर्जंट' चा वेगळा चार्ज. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट व्हीएन असतं, तेवढं बघितलं की बाकीचं सगळं बंद करून टाकता येतं. आपल्या मराठी लोकांच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात बहुतेक वेळा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, ते जसंच्या तसं टाकायचं, तिकिटावरही तेच. फोटो चष्म्याशिवाय लागतो. आईला चष्म्याशिवाय कॅमेरा कुठे आहे तेच दिसेना, त्यामुळे तिचे सगळे फोटो दुसरीकडे बघतानाचे, मुलगी लेन्सच्या शेजारी उभी राहून "आजी, माझ्या आवाजाकडे बघ" म्हणत होती तेव्हा एक जमला. तीन कामाचे दिवस सांगतात, फी परत मिळत नाही, आणि त्यांच्या सुट्ट्या मधे आल्या की ते दिवस मोजत नाहीत, त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. आम्ही आधीच टाकला, आला, प्रिंट काढून फाइलला लावला.

हॉटेल शोधताना नवीनच भानगड कळली. १ जुलै २०२५ ला क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला, त्यामुळे होई आनसुद्धा आता कागदोपत्री दा नांग शहरातच. बुकिंग साइटवर 'दा नांग, बीचजवळ' म्हणून सुंदर स्वस्त होमस्टे येतो आणि नकाशा उघडला की तो पार तिकडे होई आनच्या आन बांग बीचवर. ती जागाही चांगलीच आहे, पण आपण कुठे चाललोय ते माहीत पाहिजे. प्रत्येक ठिकाण नकाशावर ठेवून बघा. मी खेवर बहुतेक हॉटेलं रस्त्याच्या अलीकडे आहेत, बीच सगळ्यांसाठी खुला, मधे वो न्गुयेन झाप हा मोठा रस्ता ओलांडायला लागतो. आम्ही समोरचं सी व्ह्यू सोडून मागच्या गल्लीतलं घेतलं, पैसे बरेच वाचले, समुद्र खिडकीतून नाही दिसला तर उठून जाऊ की. तिथले लोकही मेमध्ये पहाटे पाचला पोहायला येतात आणि ऊन चढायच्या आत घरी जातात, मग संध्याकाळी परत. आपणही तसंच करायचं ठरवलंय, दुपारी एसी आणि झोप. मुलीने 'दुपारी झोप' हा आयटम प्लॅनमध्ये बघून मला विचारलं की यासाठी पासपोर्ट काढला का.

स्कूटरचा विषय मी सुरुवातीलाच मिटवला. सगळे सांगतात स्कूटर भाड्याने घ्या, सोन त्राच्या डोंगरावर जा, ६७ मीटर उंच लेडी बुद्धा बघा, लाल पायांची डूक माकडं बघा. पण आपलं आरटीओ जे इंटरनॅशनल परमिट देतं ते १९४९ च्या जिनिव्हा करारातलं, आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं मानतो. म्हणजे भाड्याने देणारा काही विचारणार नाही, पण काही झालं तर लायसन्स नाही असंच धरणार आणि इन्शुरन्सवाले क्लेम का देतील. ग्रॅब हे ओला-उबरसारखं अ‍ॅप आहे, आधी रेट दिसतो, चौघांना गाडी मिळते, विषय संपला.

पैशांचं: डॉलर घेऊन चाललोय, तिथे डाँग करणार. डाँगचा हिशोब करायला एक सोपी युक्ती, शेवटची तीन शून्यं काढा आणि साडेतीनने गुणा, साधारण रुपये येतात. होई आनच्या जुन्या गावाचं तिकीट १,२०,००० डाँग ऐकून आईने "एवढं काय आहे तिथे" विचारलं, ते चारशेवीस रुपयांच्या आसपास. २०,००० आणि ५,००,००० च्या नोटा दोन्ही निळसर, त्या वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायच्या.

आईच्या जेवणाची मला सगळ्यात जास्त काळजी होती, कारण नुओक माम म्हणजे फिश सॉस तिथे पालेभाजीतसुद्धा असतो. पण बौद्ध शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आहेत, पाटीवर 'कॉम चाय' असतं, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक व्हेज खातात त्यामुळे आपण जातोय त्या पौर्णिमेला तर चंगळच. कडक पाळणारे कांदा-लसूणही टाळतात, हे ऐकल्यावर आईच्या मनातून तो देश एकदम वर गेला. फक्त सोयाचं असं काही बनवतात की हुबेहूब मांस दिसतं, ते तिला आधीच सांगून ठेवलंय. बायकोने तिची यादी वेगळी केलीय, 'मी क्वांग' नूडल्स, ग्रिल केलेले शिंपले वगैरे, त्यात मी लक्ष घातलं नाही.

आता भांडणाचा भाग. चार-पाच दिवसांत समुद्रावर बसायचं म्हटलं तर बाहेरच्या गोष्टीसाठी एकच पूर्ण दिवस उरत होता. मुलीला बा ना हिल्स, म्हणजे तो २०१८ चा दोन दगडी हातांवर धरलेला सोनेरी पूल, जवळपास १,४०० मीटर उंचीवर, वर जायला केबल कार, तिकीट माणशी तीन हजार रुपयांच्या पुढे. आईला 'मी सॉन' नावाची जागा. तिला मीच सांगितलं होतं की होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर तिथल्या जुन्या चाम राजांची शिवमंदिरं आहेत, भद्रेश्वर नावाने शिव पूजला जायचा, १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बिंगमध्ये तिथलं मुख्य मंदिर पडलं, आणि आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं काम केलं, २०२० मध्ये ते काम चालू असतानाच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. झालं. "अधिक महिन्यात शंकराच्या दारातून परत यायचं आणि पुलावर फोटो काढायचे?" यावर घरात कोणाकडे उत्तर नव्हतं. मुलगी म्हणाली आजी, तिथे आता पूजा होत नाही, ते अवशेष आहेत. आई म्हणाली मग मी करते. (व्हिएतनाम शिवाजी महाराजांकडून शिकून अमेरिकेशी लढला, हे व्हॉट्सॅपवरचं फॉरवर्डही फॅमिली ग्रुपवर याच वेळी दोनदा येऊन गेलं, पुरावा मागितला की सगळे ऑफलाइन.)

बायकोने तोडगा काढला, एकाच दिवशी दोन गाड्या. ती आणि मुलगी बा ना हिल्सला, मी आणि आई पहाटे मी सॉनला, कारण नऊनंतर तिथे ऊनही असतं आणि बसही. येताना दा नांगचं चाम शिल्पांचं म्युझियम, १९१९ पासूनचं, तिथे सावलीत निवांत बघता येईल आणि बसायला जागा असेल अशी आशा. दोन गाड्यांचा खर्च एका इनोव्हाएवढाच येतोय. हुए शहर आणि तिकडे जाताना लागणारा हाय व्हान घाट यात बसला नाही, काढून टाकला, कोणाला वाईटही वाटलं नाही.

निघायला आता थोडेच दिवस राहिलेत. बा ना हिल्सचं तिकीट मुद्दाम काढलेलं नाही, वर धुकं असलं तर पूल दिसतच नाही म्हणतात, सकाळी वेबकॅम किंवा आकाश बघून तिथूनच ऑनलाइन काढतील. आईने बॅगेत बेलाची पानं प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवायचं काढलंय, ताजी पानं कस्टमला चालतात की नाही यावर आमची चर्चा चालू आहे, मी नको म्हणतोय. कोणी मेमध्ये मी सॉनला जाऊन आलं असेल तर आत चालायला किती आहे आणि गेटपासून ती बॅटरीची गाडी पार कुठपर्यंत सोडते तेवढं सांगा, गुडघ्यांचा प्रश्न आहे.