दिवाळीचं बुकिंग आणि पडवीतलं भात

दिवाळीचं बुकिंग फुल्ल आणि भात कापून शेतात पडलेलं, ह्या दोन गोष्टी आमच्याकडे दरवर्षी हातात हात घालूनच येतात. चार खोल्यांचा होमस्टे आहे आमचा, देवरुखच्या पुढे, मार्लेश्वरच्या रस्त्यावरून आत वळलं की. पावसाळ्यात लोक धबधब्यांना येतात, मे महिन्यात आंब्याला, आणि ऑक्टोबर म्हटलं की उकाडा म्हणून नाकं मुरडतात. मला विचाराल तर खाण्याच्या बाबतीत वर्षातला सगळ्यात श्रीमंत महिना हाच, फक्त मान वर करायला वेळ नसतो.

यंदा हळवं भात, म्हणजे लवकर पिकणारं, रत्नागिरी-२४ जातीचं, दसऱ्याच्या आतच पिवळं झालं. दव सुकलं की कापायचं, दोन दिवस तिथेच उन्हात वाळवायचं आणि मग भारे बांधून खळ्यावर. परतीच्या पावसाला हे दोन दिवस बरोब्बर कळतात. शनिवारी दुपारी लख्ख ऊन आणि चारच्या सुमाराला डोंगराकडून गडगडायला लागलं, मी भाकरीचं पीठ मळत होते ती तशीच पिठाच्या हाताने धावले. पुण्याचं एक कुटुंब चहाची वाट बघत बसलं होतं, त्यातल्या आजोबांनी काय झालं विचारलं, मी धावता धावता काय सांगितलं मलाच आठवत नाही, पण पाच मिनिटांत सगळे शेतात. भारे बांधायला वेळ कुठला, कवेत मावेल तेवढं उचलायचं आणि पडवीत आणून टाकायचं. अर्धं आलं, अर्धं भिजलं. भिजलेलं उलटून पालटून वाळवलं तरी काही लोंब्यांना मोड आलेच, ते गेलं कोंबड्यांना. इकडे पाहुण्यांच्या दारासमोर कमरेएवढा ढीग आणि भाताची कूस लागून पोरं रात्रभर अंग खाजवतायत. मी खोबरेल तेल देत होते आणि मनात एकच, आता रिव्ह्यू काय पडणार देव जाणे. (पाच स्टार पडले. आजोबांनी लिहिलं, 'जेवण उत्तम, मजुरी मिळाली नाही.')

नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागिरीला, दाराला नवं बांधलं. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, वरी, कुर्डूची फुलं, आंब्याचं पान, सगळं एकत्र. त्या दिवशी नव्या तांदळाचा भात असतो आणि तो गिच्च होतो, पाणी नेहमीपेक्षा कमी घातलं तरी होतो. एका ताईंनी हळूच विचारलं, भात जास्त शिजला का हो? आता काय सांगणार, हा शेतात होता तेव्हा तुम्ही बुकिंग करत होतात! जुना तांदूळ आहे डब्यात, पण तो मी धोंडसासाठी राखून ठेवते.

धोंडस म्हणजे तवशाचं. पिकून पिवळी झालेली मोठी काकडी किसायची, तांदळाच्या कण्या खमंग भाजायच्या, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि जाड बुडाच्या टोपात घालून खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे. ओव्हनमध्ये करून बघितलंय, केक होतो, धोंडस होत नाही. कडेची करपट लाल खरपुडी कोणाला मिळणार ह्यावरून आमच्या घरात मोठी माणसं भांडतात. वानरांनी मांडवावरची दोन तवशी नेली, म्हणून यंदा धोंडस मोजूनमापूनच.

आणि करांदे. कुंपणावरच्या वेलाला पानाच्या बेचक्यात लागतात, मातकट, खडबडीत, लांबून बघितलं तर कोणीतरी वेलाला बटाटे चिकटवलेत असं वाटतं. घरचे मिठाच्या पाण्यात उकडले, साल काढली की झालं, किंचित कडवट लागतात आणि चहाबरोबर एकदम भारी. पण रानातला करांदा कडूजहर असतो. सासूबाई तो राखेच्या पाण्यात उकडतात, पाणी फेकतात, परत उकडतात, आणि तरीही आधी स्वतः तुकडा खाऊन बघितल्याशिवाय कोणाला देत नाहीत. एक ट्रेकर पोरगा उत्साहाने रानातून खिसा भरून घेऊन आला, सासूबाईंनी ते सगळे त्याच्यासमोर उकिरड्यावर टाकले. पोरगा नाराज झाला. होऊ दे. रानातलं म्हणजे चांगलंच असं डोक्यात घेऊन येतात लोक, आणि ऐकून मात्र घेत नाहीत.

कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं पण तसंच, पुनवेच्या आसपास मागू नका, पोकळ असतात, अवसेला भरलेल्या मिळतात असं इथे सगळे सांगतात. दिवाळीच्या अवसेला लक्ष्मीपूजन, त्यामुळे भरलेल्या कुर्ल्या ओढ्यातच राहतात. नशीब त्यांचं.

तांबडी कोंबडी खुडूक झालीय, तीन नंबरच्या खोलीमागे लाकडांच्या ढिगात नऊ अंड्यांवर बसलीय. एकवीस दिवस मोजले तर पिल्लं बरोबर पाडव्याला येतील, म्हणजे त्या खोलीतल्या लोकांना पहाटे चारपासून चिवचिव. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, खोली बदलू नका हं.

आत्ता खळ्यावर झोडणी चाललीय, घरभर तूस. कुळीथ ओलीवर पेरून झालेत. पहिल्या आंघोळीला तुळशीपुढे पायाने फोडायला कारीटं, ती छोटी कडू रानफळं, लागतात, प्रत्येकाला एक, पाहुण्यांनाही. बांध पालथे घातले, सतरा माणसं आहेत आणि कारीटं आत्तापर्यंत अकराच सापडलीयत.