मोहाच्या दिवसांत तेजगढ

मार्च संपत आला की बडोद्यात परीक्षांचं वारं असतं. तिकडे छोटा उदेपूरच्या रानात त्याच दिवसांत मोहाच्या झाडांची फुलं गळत असतात. ती बघायची म्हणून मी आणि माझी मावसबहीण, ताई, प्रतापनगरहून सकाळची गाडी धरून निघालो. ताई शाळेत शिकवते. शनिवार-रविवार जोडून तिला कशीबशी रजा मिळाली होती.

डभोईपर्यंत नुसती शेतं. १८६२ साली गायकवाडांनी इथूनच मियागामपर्यंत बैलांनी ओढायची नॅरो गेज गाडी सुरू केली होती. पुढे संखेडा. तिथला झोपाळा बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत आहे. खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागावर लाखेचा रंग चढवून तो घडवतात. बोडेली मागे पडली की पळस पेटलेला दिसतो, मग डोंगर.

तेजगढला आदिवासी अकादमी आहे. गणेश देवी आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवत. ते सोडून त्यांनी बडोद्यात 'भाषा' ही संस्था उभी केली आणि तिच्यातूनच पुढे ही अकादमी झाली. इथल्या वसंतशाळेत शाळा अर्धवट सुटलेली मुलं आपल्या बोलीतून शिकायला लागतात. जवळच्या कोरज डोंगरावर आदिमानवाची चित्रं आहेत, तीही पाहिली. पण माझं लक्ष दुसऱ्या दिवसाच्या पहाटेकडे होतं.

रात्री ओळखीच्या राठवा आदिवासी कुटुंबाकडे राहिलो. ओसरीतल्या भिंतीवर पिठोऱ्याचे, म्हणजे राठवांच्या पवित्र भित्तिचित्राचे, घोडे होते. नवस फेडताना हे चित्र काढतात आणि त्याचे रंग दुधात नि मोहाच्या दारूत कालवतात.

अजून उजाडलं नव्हतं, तेव्हा घरच्या मासी आणि त्यांची अकरा-बारा वर्षांची मुलगी टोपल्या घेऊन निघाल्या. मोहाखालची जमीन अंगणासारखी झाडलेली. पाला पेटवून दिला तर काम झटपट होतं, पण वणवा पसरतो आणि कोवळी रोपं जळून जातात. म्हणून मासी झाडूनच काढतात. कुठलं झाड कोणाच्या घराचं हे गावात ठरलेलं असतं, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही.

फुलं मलईच्या रंगाची, टपोरी, रसानं भरलेली. टप् टप् पडत राहतात. मी वेचायला बसले तर दोन मिनिटांत बोटं चिकट झाली. मुलीचे दोन्ही हात एकदम चालत होते. काळपट पडलेलं फूल ती न बघताच बाजूला टाकत होती. कुठलं झाड आधी गळतं, आभाळ आलं की फूल कसं कमी पडतं, अस्वल कुठल्या बाजूनं येतं, सगळं तिनं वेचता वेचता सांगितलं. ऊन चढेपर्यंत चार टोपल्या भरल्या. फुलं अंगणात पसरली, की काही दिवसांत वाळून मनुकांसारखी तांबूस होतात. थोडी घरात राहतात, बाकीची विकायची. पावसाच्या तोंडावर याच झाडाच्या बियांचं, डोळीचं, तेल निघतं.

"शाळा?" ताईनं विचारलं.

"मोह झाला की जाईन," मुलगी म्हणाली.

ताई गप्प झाली. परतीच्या गाडीत म्हणाली, "माझ्या हजेरीपटात हिच्या नावापुढे सलग गैरहजर लागलं असतं गं."

मला हे मनापासून खटकतं. दिवाळीला आपल्या शाळांना २१ दिवस सुट्टी असते. मग ज्या तालुक्यात घराचं वर्षभराचं मीठ-तेल मोहावर चालतं, तिथे मोहाच्या ऐन भरातले दहा दिवस सुट्टी देऊन परीक्षा पुढे का नेता येत नाही? सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण सोनगढच्या रानातल्या मुलांसाठी वसतिगृहंही काढली. मुलांचं जगणं बघून शाळा बदलायची, हे बडोद्याला नवीन नाही. आणि त्या मुलीचं झाडांविषयीचं ज्ञान विज्ञानाच्या तासाला वर्गात मांडायला सांगितलं, तर ताईसारख्या शिक्षिकांनाही पुष्कळ शिकता येईल. ताईच हे म्हणाली.

तुम्हाला जायचं असेल तर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला जा आणि आदल्या रात्री मुक्कामाला पोचा. सकाळच्या गाडीनं गेलात तर वेचणी आटोपलेली असते. झाडाखाली जाण्याआधी ते ज्यांचं आहे त्यांना विचारा. आणि वाळलेली फुलं घ्यायची असतील तर त्यांच्याकडूनच घ्या, भावाची घासाघीस न करता.