तुम्ही विचारलंत म्हणून: वीज नसलेल्या शाळेत ई-रीडर टिकतात का?

“शाळेत वीज धड नसते, मग दान आलेले ई-रीडर (पुस्तकं वाचण्यापुरतं बनवलेलं यंत्र) घेऊन करायचं काय?” हा प्रश्न शिक्षक विचारतात, देणगीदारही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. विजेची सोय हा या कामातला सोपा भाग आहे. रीडर कपाटात जाऊन पडतात ते बहुधा दुसऱ्याच कारणांनी.

आधी विजेचा हिशोब. रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या ई-इंक पडद्याला पान बदलताना तेवढी वीज लागते. पान समोर स्थिर असताना पडदा काहीच खात नाही. सहा इंची साध्या रीडरची बॅटरी साधारण 1500 एमएएचची, म्हणजे 3.7 व्होल्टला साडेपाच वॅट-तास. चार्जिंगमधली गळती धरून आठ समजा. तीसही रीडर पार रिकामे असले तरी 240 वॅट-तास होतात. 50 वॅटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी दीडशेच्या आसपास हाती देतं, म्हणजे दोन दिवसांत सगळा संच भरतो. वायफाय बंद, पडद्याचा दिवा मंद आणि रोज तासभर वाचन असेल तर पुढे दोन आठवडे पाहायला नको. टॅबलेटची बॅटरी याच्या चौपट असते आणि दिवसभर वापरला की रिकामी होते. फक्त वाचनासाठी द्यायचं असेल तर टॅबलेट देऊ नका.

जोडणीत चार वस्तू लागतात: पॅनेल, बॅटरीत जाणारी वीज आवरणारा चार्ज कंट्रोलर, 12 व्होल्ट 20 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि 12 चे 5 व्होल्ट करणारा यूएसबी कन्व्हर्टर. बॅटरीच्या धन टोकाजवळच 10 अँपिअरचा फ्यूज बसवा. इन्व्हर्टर मध्ये आणू नका: 12 चे 230 आणि त्याचे पुन्हा 5 करताना दोनदा गळती होते, शिवाय इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू असला तरी वीज खातो. पॅनेलला थेट रीडर लावायचा मोहही टाळा. ढग आला की चार्जिंग तुटतं आणि ऊन परतलं तरी काही रीडर आपणहून पुन्हा सुरू होत नाहीत. एक रीडर अर्धा ते एक अँपिअर ओढतो, म्हणून दहा-दहाच्या तुकड्या करा. पॉवर बँक वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. रीडर भरत आला की करंट इतका कमी होतो की पॉवर बँकेला काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि ती बंद पडते.

आता खरी नासधूस कुठे होते ते. वर्ल्डरीडर या संस्थेने 2010 साली घानातल्या शाळांत किंडल (अ‍ॅमेझॉनचे ई-रीडर) दिले, तेव्हा मोठी डोकेदुखी ठरली ती फुटणाऱ्या पडद्यांची. वरून प्लास्टिक वाटलं तरी बहुतेक रीडरच्या पडद्यात आत काचेचा पातळ पत्रा असतो. दप्तरात पुस्तकांखाली दाब आला, कुणी त्यावर बसलं, की तो तडकतो. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही; अर्धं पान गोठलेलं आणि उरलेल्या भागात रेघा, एवढीच खूण. पुढून झाकणारं कडक कव्हर हवं, मऊ पिशवीने दाब अडत नाही.

दुसरी जागा चार्जिंगचं भोक. मायक्रो-यूएसबी एकाच बाजूने बसते. मुलं उलटी दाबतात आणि आतली पट्टी वाकते. केबली चार्जिंगच्या पेटीतच पक्क्या बांधा आणि लावण्या-काढण्याचं काम ठरावीक दोघांकडेच द्या.

तिसरी अडचण रीडर पोचायच्या आधीची. जुना रीडर दात्याच्या खात्याला जोडलेला असेल किंवा त्याला पासकोड असेल, तर इंटरनेट नसलेल्या शाळेत तो सोडवत बसणं अवघड. पाठवण्यापूर्वी दात्याने खातं काढून टाकलंच पाहिजे. पुस्तकं केबलने टाका. किंडलला केबलने टाकलेलं ईपब (ई-पुस्तकाचा नेहमीचा फाइल-प्रकार) चालत नाही, ते कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममध्ये एझेडडब्ल्यू3 या किंडलच्या प्रकारात करून घ्या. पीडीएफ शक्यतो नकोच. सहा इंचांवर अक्षर मुंगीएवढं होतं. स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची मराठीसह कितीतरी भाषांतली पुस्तकं मिळतात, पण रंगीत चित्रं करडी दिसतील. चित्र हाच जीव असलेलं पुस्तक इथे देऊ नका. देवनागरीसारखी जोडाक्षरांची लिपी असेल तर आधी एक पान उघडून पाहा. जुन्या रीडरवर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, जोडाक्षरं सुटी होतात, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच थांबतं. मला ही गोष्ट पडदा फुटण्याइतकीच गंभीर वाटते.

लांब सुटीपूर्वी रीडर निम्मा भरून पूर्ण बंद करा, नुसता झोपवू नका, आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. रिकामाच ठेवला तर बॅटरी आणखी उतरते, कधी कायमची जाते. असा रीडर मेला समजू नका; आधी काही तास चार्जिंगला लावून पाहा. मात्र मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंग नाही, दाबणं नाही, तो लगेच बाजूला काढा.

आणि देणगीदारांना एवढंच: तीस रीडरचा विचार असेल तर पंचवीस द्या. उरलेल्या पैशात कडक कव्हरं, वर सांगितलेली चार्जिंगची पेटी आणि दहा जादा केबली येऊ द्या.