दोन असाइनमेंटच्या मधले नऊ दिवस : अल्बुकर्की ते फ्लॅगस्टाफ

मी अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स आहे, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या करारावर वेगवेगळ्या राज्यांत काम करते. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची १३ आठवड्यांची असाइनमेंट ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी संपली. शेवटची नाईट शिफ्ट करून बॅज परत केला, घरी येऊन पडदे ओढले आणि झोपले. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफचं काम त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी सुरू होणार होतं. मधे नऊ दिवस. याआधी दोनदा मी शनिवारी एक काम संपवून सोमवारी दुसऱ्या राज्यात हजर झाले होते. त्या दोन्ही प्रवासांतल्या हायवेच्या पाट्यांशिवाय मला काहीच आठवत नाही. म्हणून आता मधले दिवस मी सोडत नाही.

हे दिवस हवे असतील तर सही करण्याआधीच सुरुवातीची तारीख मागून घ्या. कामाच्या मधे लागणारी सुट्टीसुद्धा तेव्हाच काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या, तोंडी ‘बघू’वर विसंबू नका. आणि आधीच्या एजन्सीचा आरोग्यविमा नेमका कोणत्या तारखेला संपतो, हे विचारा. कुठे तो शेवटच्या शिफ्टबरोबर संपतो, कुठे महिनाअखेरपर्यंत चालतो. लायसन्सची अडचण आली नाही, कारण न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना दोन्ही कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांच्या करारात आहेत. कॅलिफोर्निया त्यात नाही, तिथे जायचं तर खूप आधी अर्ज करा.

नाईट संपल्या दिवशी गाडी काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. एकदा मी तशी निघाले होते. रस्त्याच्या कडेच्या खाचांवर चाकं गेली, त्या घरघरीने जागी झाले, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. या वेळी दोन रात्री पूर्ण झोपले आणि सोमवारी निघाले.

आय-४० या हायवेने सरळ गेलं तर सव्वातीनशे मैल, साधारण पाच तास. पण वाटेवरचं पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे दगड झालेल्या झाडांचं राष्ट्रीय उद्यान, चुकवू नका. पूर्वेकडून येताना एक्झिट ३११ ला उत्तरेच्या गेटमधून शिरायचं, आतला २८ मैलांचा रस्ता करत दक्षिणेला हायवे १८० वर निघायचं आणि हॉलब्रुकहून पुन्हा आय-४० गाठायचा. आल्या वाटेने मागे फिरावं लागत नाही. गेट संध्याकाळी बंद होतं, म्हणून दुपारपर्यंत पोहोचा. ब्लू मेसाच्या निळसर-जांभळ्या टेकड्यांमधली पायवाट खाली उतरते, तिथे मी बराच वेळ रेंगाळले. लांबून सालीसकट पडलेला ओंडका वाटतो. हात लावला तर गार दगड, आणि तुटलेल्या तोंडाशी लाल, पिवळा, पांढरा क्वार्ट्झ. ही झाडं २० कोटी वर्षांहून जुनी आहेत. तिथला तुकडा उचलायला कायद्याने बंदी आहे, छोटा खडाही घेऊ नका.

फ्लॅगस्टाफ सुमारे ७,००० फुटांवर आहे. पहिले दोन दिवस डोकं जड होतं, पाणी भरपूर प्या आणि मोठा ट्रेक लगेच करू नका. ग्रँड कॅनियनची दक्षिण कड दीड तासावर आहे. पुढचे तीन महिने इथेच काढायचे होते, त्यामुळे ती मी घाईने उरकली नाही.

राहायची जागा मात्र स्वतः बघूनच घ्या. फोटो बघून मी पसंत केलेली ‘शांत’ खोली निघाली रुळांच्या अगदी जवळ, आणि या गावातून लांबच लांब मालगाड्या रात्रंदिवस जातात. नाईट करणाऱ्याने खोली भरदुपारी जाऊन बघावी, दहा मिनिटं खिडक्या लावून नुसतं बसावं. मी चार दिवस मोटेलात राहून दुसरी शोधली.

उरलेल्या दिवसांत कॅनियन डी शे या दरीला गेले. ती नाव्हाहो या मूळनिवासींच्या प्रदेशात, नाव्हाहो नेशनमध्ये आहे. वरून दरी बघत कडेने गाडीने फिरता येतं, खाली उतरायला नाव्हाहो गाईड लागतो. इथे घड्याळ सांभाळा. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, नाव्हाहो नेशनमध्ये करतात, आणि त्याच्या मधोमध असलेल्या होपी या दुसऱ्या मूळनिवासींच्या भागात पुन्हा करत नाहीत. माझ्या फोनने येता-जाता वेळ बदलली. गाईडशी बोलताना ‘कुठली वेळ?’ असं विचारून घ्या, आणि सोमवारच्या ओरिएंटेशनसाठी हातातलं घड्याळ फ्लॅगस्टाफच्या वेळेवरच राहू द्या.