गणित लागत नाही म्हणे!

परवा भाचीसाठी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते, ती टीवायला आहे, बीएस्सी फिजिक्स. तिथे सांगितलं की तीन महिन्यांत एआय आणि क्वांटम कॉम्प्युटिंग दोन्ही करून देऊ, फी ५५ हजार, आणि गणित लागत नाही! मी तिला घेऊन उठलेच. रागच आला, कारण असे पैसे भरणारी पोरं येवला, पेठ, नांदगावहून येतात आणि घरच्यांनी कांद्याच्या पट्टीतून बाजूला काढलेले पैसे असतात ते.

अहो, गणितच तर लागतं. क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, गणितात तो दोन कॉम्प्लेक्स आकड्यांचा वेक्टर, आणि त्याच्यावर करायची क्रिया, म्हणजे गेट, ही मॅट्रिक्स. एकेक क्यूबिट वाढला की आकडे दुप्पट, ३० क्यूबिटला १०७ कोटींच्या वर जातात. आणि एआयमधल्या न्यूरल नेटवर्कच्या पोटातही मॅट्रिक्सचे गुणाकारच.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. किस्किट हे आयबीएमचं क्वांटम प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथॉनमध्ये चालतं, आयबीएमच्या खऱ्या मशीनवरही थोडा वेळ फुकट मिळतो. दोन क्यूबिट घेतले, आधी हॅडमार्ड, मग सीनॉट ही गेट लावली (याने दोन्ही क्यूबिटची उत्तरं नेहमी सारखीच यायला हवीत), १०२४ वेळा चालवलं. सिम्युलेटरवर फक्त ०० आणि ११, साधारण निम्मे निम्मे. खऱ्या मशीनवर मात्र मधेच थोडे ०१ आणि १० पण घुसले.

"मावशी, आपलं काही चुकलं का गं?"

नाही गं, हा नॉइज, म्हणजे मशीनमध्येच होणाऱ्या बारीक गडबडी. या चुका पकडायच्या कशा यावर जगभर रिसर्च चालूये, गुगलने २०२४ मध्ये अल्फाक्यूबिट काढलं ते त्यासाठीच, न्यूरल नेटवर्कने क्वांटम मशीनच्या चुका ओळखायच्या. म्हणजे एआय घेऊ की क्वांटम हा प्रश्न इथे उरतच नाही.

आणि संधी लांब नाहीयेत. केंद्र सरकारचं नॅशनल क्वांटम मिशन एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, सहा हजार कोटींच्या वर, २०३०-३१ पर्यंत. कॉम्प्युटिंगचं हब बंगळूरला आयआयएस्सीत, सेन्सिंगचं आयआयटी मुंबईत, मुंबईच्याच टीआयएफआर या संशोधन संस्थेत सुपरकंडक्टिंग क्यूबिट (वीज विनारोध वाहणाऱ्या सर्किटचे) बनवतात, पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आहेच. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयसरच्या इंटिग्रेटेड पीएचडीला (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) अर्ज करता येतो. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७ हजार, वर एचआरए. आयटीच्या पॅकेजपुढे कमी वाटेल, पण शिकत असताना घरून पैसे मागायला लागत नाहीत, आपल्याकडच्या मुलींसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे.

फिजिक्सच हवं असंही नाही बरं का. सुपरकंडक्टिंग चिप शून्य केल्व्हिनच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सियस) अगदी जवळ, केल्व्हिनच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास ठेवावी लागते, म्हणजे व्हॅक्यूम, क्रायोजेनिक्स (अतिथंड ठेवायचं तंत्र), मायक्रोवेव्ह केबल, कंट्रोलचे बोर्ड. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) आणि मेकॅनिकलच्या पोरांनी इकडे बघायला पाहिजे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांपलीकडेही त्यांच्या हाताला काम आहे.

भाचीने काल माळ्यावरून एसवायची लिनिअर अल्जेब्राची वही काढलीये. आयगेनव्हॅल्यूपाशी अडलीये, रविवारी दोघी बसतोय.