टेबलावरची स्पॅनिश आणि पीलावरची स्पॅनिश

स्पॅनिश शिकायला स्पेन सोडून मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाला का, असं घरी-ऑफिसात सगळ्यांनी विचारलं आणि खरं उत्तर पैसे हेच होतं. अँटिग्वा म्हणून गाव आहे (क्रिकेटवाली अँटिग्वा वेगळी), 1773 च्या भूकंपांत इतकी पडझड झाली की राजधानीच इथून हलवली, आता पडक्या चर्चांच्या मधल्या जागेत गाव नांदतं आणि गल्लोगल्ली स्पॅनिशच्या शाळा. सकाळी चार तास एक मास्तरीण आणि समोर एकच विद्यार्थी, त्यामुळे मागच्या बाकावर लपायची सोय नाही. राहायला शाळाच एक घर लावून देते, तीन वेळचं जेवण आणि रविवारी सुट्टी, म्हणजे जेवणाला सुट्टी, तुमचं तुम्ही बघा. पुण्यात पेइंग गेस्ट राहिलेल्यांना ह्यात नवीन काही नाही, फक्त इथे त्याला फॅमिली म्हणतात.

तर आमच्या घरच्या सेन्योरा, म्हणजे मालकीणबाई. वर्षानुवर्षं विद्यार्थी ठेवून त्यांची एक खास टेबलावरची स्पॅनिश तयार झालीये. सावकाश, शब्द सुटे सुटे, वर्तमानकाळात, आणि प्रश्नही ठरलेले. कुठून आलात, भावंडं किती, लग्न झालंय का, तुमच्याकडे गाई खरंच रस्त्यात फिरतात का. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी समजून मान डोलावली आणि चिकन वाढलं. ते मिटल्यावर मात्र माझी चंगळच झाली, काळ्या घेवड्याच्या दाण्यांचा परतून केलेला घट्ट गोळा, तळलेली केळी, अंडी, आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या छोट्या भाकऱ्या. जेवून उठताना आपण ग्रासियास (धन्यवाद) म्हणायचं आणि बाकीच्यांनी बुएन प्रोवेचो (जेवण अंगी लागो), हे न करता उठलं तर सगळे बघतात. टेबलावर मी भलतीच हुशार वाटायचे, सगळं समजायचं, उत्तरं तयार. मग रविवारी नवीन कॅनडावाला आला आणि त्यालाही तेच प्रश्न त्याच क्रमाने, फक्त गाईंच्या जागी थंडी. तेव्हा जरासं वाईट वाटलं हे खरं, पण त्या तरी काय करणार, शनिवारी एक जातो, चादरी बदलायच्या, रविवारी दुसरा हजर. घर त्याच्यावर चालतं. मला उलट हा व्यवहार स्वच्छ वाटतो, आई वगैरे म्हणवून घ्यायची जबरदस्ती नाही.

खरी स्पॅनिश मागच्या अंगणात होती, पीलावर.

पीला म्हणजे सिमेंटचं भलंमोठं धुणं-भांड्याचं सिंक, मधे खोल टाकी पाण्याने भरलेली आणि दोन बाजूंना दोन उथळ कुंड्या, एकीच्या तळाला कपडे घासायला खाचा. भांडी, भाजी, कपडे, पोछा, दात, सगळं तिथेच. नळाला पाणी कधी असतं कधी नसतं म्हणून ही साठवण. आणि नियम एकच, मधल्या टाकीत हात घालायचा नाही, साबण तर नाहीच नाही, प्लास्टिकच्या वाडग्याने पाणी उचलून बाजूला घ्यायचं. आपल्याकडे माठात ओगराळ्याशिवाय हात बुडवला की आजी ज्या आवाजात ओरडते ना, तो आवाज इथेही आहे, कॅनडावाल्याने ऐकला. मला कुणी सांगावं लागलं नाही, आणि माझ्या मते त्या घरात माझी पत व्याकरणापेक्षा ह्याच्यामुळे जास्त वाढली.

गावात सांता क्लाराच्या पडक्या मठाजवळ 1853 सालचा सार्वजनिक पीलाही आहे, लांबच लांब टाकी आणि भोवती कुंड्यांची रांग, टूरिस्ट फोटो काढत असतात आणि मधेच एखादी बाई खरंच धुण्याची पाटी घेऊन येते. पण मला आमचाच आवडायचा.

दुपारी सेन्योरांची बहीण यायची. एकीकडे भांडी, दुसरीकडे कपडे आणि मधे पाण्यावरून बोलणं, ते इतकं फास्ट की शब्द कुठे संपतो तेच कळेना, आणि सगळं भूतकाळात, हा म्हणाला, मग ती म्हणाली, मग तो गेला, शिवाय दोघी एकाच वेळी बोलणार. सकाळी शाळेत मी दोन भूतकाळांतला फरक वहीत तक्ते करून पाठ करत होते आणि इथे दोन बायका फेसाळ हातांनी ते दोन्ही काळ सटासट फिरवत होत्या. मग मी मुद्दाम रोज काहीतरी धुवायला काढायला लागले. एक मोजा. रुमाल. धुतलेलाच टीशर्ट. पावसाळ्यात दुपारी नेमाने पाऊस, कपडे गच्चीवर वाळता वाळत नाहीत, आणि उघडीप असली तर वारा फिरून फुएगो ज्वालामुखीची राख येऊन बसते (तो सारखाच धूर सोडत असतो, गावातले मान वर करून बघतही नाहीत), म्हणजे परत धुवायला निमित्त. राखेची तक्रार करणारी मी एकटी नव्हते पण राख आल्यावर खूश होणारी बहुतेक एकटीच.

हळूहळू तुकडे लागायला लागले. गॅसचा सिलेंडर महागला. कोपऱ्यावरच्या तोर्तियावालीने आकार लहान केला, भाव तोच. मग एक सूनबाई कथेत आल्या, शनिवारी तमालेस (पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे) विकणाऱ्या घरच्या. तमालेस तयार आहेत हे कळावं म्हणून इथे घराबाहेर लाल दिवा लावतात, आणि ह्या सूनबाईंनी म्हणे तमालेस संपल्यावरही दिवा चालूच ठेवला, गिऱ्हाईकं येऊन दार वाजवतायत, सासू आतून ओरडतेय, आणि इथे बहिणीने पाणी उचलायला वाकून गोष्ट तोडली. मला राहवलं नाही, हातातला मोजा पिळत मी विचारलं, मग काय म्हणाली सासू?

सेन्योरांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी विद्यार्थी आहे हे विसरून फुल स्पीडमध्ये अख्खी गोष्ट सांगितली, हातवारे करून, सासूच्या आवाजात, बहीण तर हसून हसून पीलाला टेकली. मला एक अक्षर कळलं नाही. मीही हसले.