कथेचा कच्चा खर्डा आणि त्याचे पहिले वाचक
आमच्या कथालेखकांच्या गटात पुणे, नाशिक आणि न्यू जर्सी येथील मंडळी व्हिडिओ कॉलवर एकत्र येतात. बैठकीची पद्धत आम्ही १९५६ साली अमेरिकेतील मिलफर्ड येथे डेमन नाइट व त्यांच्या विज्ञानकथालेखक सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या परिषदेवरून घेतली आहे: प्रत्येकाने खर्डा आधी वाचून यायचे, पाळीपाळीने बोलायचे, आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत लेखकाने गप्प राहायचे. हे मौन सुरुवातीला फार जड जाते. परंतु त्यामुळेच लेखकाला खुलासे करत बसता येत नाही आणि कागदावर खरोखर काय उतरले आहे ते कळते. ‘छान जमली आहे’ या अभिप्रायाने कोणाचीही कथा पुढे सरकत नाही. ‘सासूने कडी आधीच काढली आहे, मग सून दार ठोठावते कशाला?’ असे विचारणाऱ्याने मात्र ती मनापासून वाचलेली असते, आणि लेखकाला खरा आधार असतो तो अशाच वाचकाचा. नवोदितांना आम्ही आधी जमलेल्या जागा दाखवतो, कारण पहिल्याच घावाने लेखणी खाली ठेवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. शुद्धलेखनाच्या चुका बैठकीत न काढता लेखकाला स्वतंत्रपणे कळवायच्या, हा नियमही आम्ही कटाक्षाने पाळतो.